चोवीस तासांची अट

बँकेत अडतीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणताही छापील कागद पुढे आला, की तो आधी मागचे पान उघडतो. अटी मागच्या पानावर असतात आणि त्या बारीक टाइपात असतात, हे त्याला नोकरीच्या पहिल्या वर्षीच कळलेले असते. कर्जाच्या कागदांवर सह्या करायला आलेल्या किती शेतकऱ्यांना, किती दुकानदारांना मी बजावले असेल, ‘‘वाचल्याशिवाय सही करू नका, आणि खोटे तर मुळीच लिहू नका. आज सोयीचे वाटते, उद्या तेच गळ्याशी येते.’’ असा मी, तीन वर्षांपूर्वी मुलाच्या दिवाणखान्यात बसून, एका आरोग्यविम्याच्या अर्जावर ‘नाही’ या चौकोनात खूण करण्याचा सल्ला दिला. प्रश्न असा होता : कुटुंबातील कोणास मानसिक अथवा मज्जासंस्थेचा आजार आहे काय, त्यावर औषधोपचार चालू आहेत काय? खरे उत्तर ‘होय’ होते. माझ्या नातवाला एडीएचडी आहे आणि तेव्हा त्याची गोळी सुरू होऊन पाच महिने झाले होते.

या चार इंग्रजी अक्षरांचा मराठीत अर्थ सांगायचा तर अवधान टिकत नाही आणि शरीर थांबत नाही, असा विकार. सर्वच मुलांत दोन्ही गोष्टी सारख्या नसतात. काही मुले नुसती हरवलेली असतात, वर्गात शांत बसून खिडकीबाहेर असतात. आमचा नातू दोन्हींचा धनी. डबा शाळेत राहतो, दप्तर रिक्षात राहते, वाक्य अर्ध्यावर राहते. सुरुवातीला मीही ‘पोरगं वांड आहे, बापाने लाडावून ठेवलंय’ म्हणून मोकळा झालो होतो. सूनबाईने हिय्या करून त्याला बालमानसोपचारतज्ज्ञांकडे नेले, चाचण्या झाल्या, शाळेतल्या बाईंकडून प्रश्नावली भरून आणली आणि मग निदान झाले. डॉक्टरांनी घराण्याचा इतिहास विचारला तेव्हा मला माझा धाकटा भाऊ आठवला. हुशार म्हणून नावाजलेला, चार नोकऱ्या सोडलेला, जन्मभर ‘धांदरट’ म्हणून हिणवला गेलेला. हा विकार आनुवंशिकतेने मोठ्या प्रमाणात येतो, संगोपनातल्या चुकीने येत नाही, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आले. माझी मान खाली गेली.

आता त्या अर्जाकडे वळू. मुलाने नोकरी बदलली होती. जुन्या कंपनीचा सामूहिक विमा होता, त्यात कोणी काही विचारत नव्हते. नोकरी सुटली तसा तो विमाही सुटला, आणि नवी छोटी कंपनी विमा देत नव्हती. म्हणून स्वतःची पॉलिसी घ्यायची ठरली. एजंट म्हणाला, ‘‘होय लिहिलंत तर हप्ता वाढेल, नाहीतर अर्जच परत येईल. आणि तसंही ह्या आजाराला कोण ॲडमिट होतंय?’’ मुलाने माझ्याकडे पाहिले. मी बँकवाला, कागदातले मला कळते. मी म्हणालो, ‘‘नाही लिही. पोराच्या नावावर आत्तापासून शिक्का कशाला?’’

दीड वर्षाने नातू सोसायटीच्या फाटकातून चेंडूमागे धावत रस्त्यावर गेला आणि मोटारसायकलीखाली आला. हात मोडला. शस्त्रक्रिया, पट्टी, दोन रात्री रुग्णालय. बिल ९२ हजार ४०० रुपये. डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांनी, लिहायला हवे तसे, पूर्वीच्या आजारांच्या रकान्यात एडीएचडी आणि गोळीचे नाव लिहिले. तीन आठवड्यांनी विमा कंपनीचे पत्र आले : महत्त्वाची माहिती दडविल्यामुळे दावा अमान्य. मोडलेल्या हाताचा आणि गोळीचा संबंध काय, असे मुलगा तावातावाने म्हणू लागला. मी गप्प होतो. एका परीने संबंध होता. चेंडूमागे बेभान धावणे हा त्या विकाराचाच भाग. आणि संबंध नसता तरी सही खोट्या उत्तराखाली होती. पुढे पत्रव्यवहार केला, सगळी कागदपत्रे स्वतःहून दिली. कंपनीने पॉलिसी रद्द केली नाही, त्या विकारापुरता प्रतीक्षाकाळ घातला. ९२ हजार मात्र गेले ते गेले. त्यांतले निम्मे मी दिले. तो दंड माझाच होता.

ही माझी चूक सांगून झाली. आता ज्या व्यवस्थेत चांगली माणसे अशा चुका करायला तयार होतात, तिच्याविषयी थोडे बोलायचे आहे.

कायद्यापासून सुरुवात करतो, कारण कायदा चांगला आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या एकविसाव्या कलमाचे चौथे पोटकलम सांगते, की प्रत्येक विमा कंपनीने शारीरिक आजाराच्या उपचारांना ज्या पायावर विमा मिळतो त्याच पायावर मानसिक आजाराच्या उपचारांनाही तो द्यावा. आजार कोणता हे राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या वैद्यकीय निकषांवर ठरवायचे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची ताजी आवृत्ती धरून, असेही त्यात आहे. त्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत एडीएचडी नावानिशी आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाईने, कंपन्यांना या कलमाची अंमलबजावणी करायला सांगितले. २०१९ मध्ये मानसिक आजार सरसकट वगळण्याची मुभा काढून घेतली. तरी कंपन्या रेंगाळल्या, तेव्हा ३१ ऑक्टोबर २०२२ ही शेवटची तारीख दिली.

मधल्या काळात, एप्रिल २०२१ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाचा एक निकाल आला. एका महिलेचा विमा जवळजवळ चार लाखांचा होता, पण मानसिक आजारासाठी पॉलिसीत पन्नास हजारांची वेगळी मर्यादा घातलेली होती. न्यायालयाने सांगितले की असा भेदभाव चालणार नाही, कायदा लागू झाल्या दिवसापासून चालणार नाही, आणि उरलेली रक्कम द्या. तो निकाल मी दोनदा वाचला आणि मनापासून आनंद झाला.

मग मी घरची वही उघडली.

नातवाच्या उपचाराच्या पहिल्या वर्षाचा जमाखर्च सूनबाईने लिहून ठेवला आहे. निदानाच्या चाचण्या, एकदाच : ७ हजार ५००. डॉक्टरांची तपासणी, महिन्याला एक, १ हजार २०० प्रमाणे वर्षाचे १४ हजार ४००. वर्तनोपचार आणि ऑक्युपेशनल थेरपी, आठवड्याला दोन बैठका, सुट्ट्या वजा जाता नव्वद बैठका, ८०० प्रमाणे ७२ हजार. गोळ्या महिन्याला १ हजार ६०० च्या, म्हणजे १९ हजार २००. एकूण १ लाख १३ हजार १०० रुपये. त्याच वर्षी तिघांच्या विम्याचा हप्ता २४ हजार ६०० रुपये. अर्जावर ‘होय’ लिहिले असते, प्रतीक्षाकाळ संपला असता, सर्व काही नियमानुसार झाले असते, तर त्या १ लाख १३ हजारांपैकी विम्याने किती दिले असते? शून्य.

कारण आपल्याकडचा आरोग्यविमा हा मुळात रुग्णालयात पडून राहण्याचा विमा आहे. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ आणला तेव्हापासून त्याचा कणा एकच : किमान चोवीस तास दाखल व्हा, मग खर्च मागा. दाखल होण्यापूर्वीचे काही दिवस आणि नंतरचे काही दिवस त्याला चिकटून येतात. पण मुळात खाटच नसेल तर मागेपुढे चिकटायला काही नाही. आता एडीएचडीचे मूल कोणत्या खाटेवर चोवीस तास झोपवायचे? ते घरच्या खाटेवर आठ तास झोपेल तर आई देवाजवळ साखर ठेवते. या विकाराचा सारा उपचार बाह्यरुग्ण विभागातला आहे. बोलणे, शिकवणे, सवयी लावणे, आईबापांना तयार करणे, शाळेशी समन्वय आणि रोजची गोळी. दाखल करण्याची वेळ जवळजवळ येतच नाही.

कायदा म्हणतो, शारीरिक आजाराच्याच पायावर. कंपनी म्हणते, मान्य. शारीरिक आजाराला खाट लागते, तुम्हालाही लागेल. समानतेचा भंग कोठे झाला? आणि खरोखरच अक्षरशः पाहिले तर झालेला नाही. पाय मोडलेल्याला आणि एडीएचडीवाल्याला एकच नियम. उंटाला आणि मुंगीला एकाच मापाचा खोगीर देण्यासारखी ही समानता आहे.

माझी एक भाची न्यू जर्सीत असते. तिच्या मुलीलाही हेच निदान झाले. अमेरिकेत २००८ साली असाच समानतेचा कायदा झाला : मानसिक आजारावरच्या विम्याच्या अटी शारीरिक आजारापेक्षा कडक असता कामा नयेत. तीही विमा कंपनीच्या नावाने बोटे मोडते; गोळीला पूर्वपरवानगी लागते, वर्षातली ठरावीक रक्कम आधी खिशातून जाते. पण तेथे डॉक्टरकडे नुसते जाण्याचा खर्चही विम्यात धरतात, त्यामुळे समानता म्हटल्यावर मुलीच्या बैठकाही धरल्या जातात. शब्द तेच, पाया वेगळा. आपण समानतेचे वरचे मजले बांधले, पाया १९८६ चाच ठेवला.

आणि ही अट माणसाला काय शिकवते तेही सांगायला हवे. आमच्याच ओळखीतल्या एका सद्गृहस्थांनी सुचवले, ‘‘काही तरी निमित्त काढून पोराला एक रात्र ॲडमिट करा. चाचण्या, तपासण्या सगळं त्यात बसवता येतं.’’ माझी बायको आतून ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, ‘‘नसलेल्या दुखण्यासाठी माझ्या नातवाच्या हाताला सुई टोचायची? आणि मग त्यालाच सांगायचं, खोटं बोलू नये?’’ तो विषय तेथेच संपला. पण सगळ्याच घरांत तो तेथे संपत असेल असे मी म्हणणार नाही.

आता कंपन्यांची बाजू. मी आयुष्यभर व्याज आणि जोखीम यांचाच हिशेब केला, तेव्हा ती मला कळते. विमा हा अनिश्चित आणि मोठ्या नुकसानीसाठी असतो. दर महिन्याला ठरलेला खर्च येणार हे दोन्ही बाजूंना ठाऊक असेल, तर तो विमा नव्हे, हप्तेबंदी झाली. निदान झाल्यावर विमा मागायला येणारा माणूस घराला आग लागल्यावर पॉलिसी मागणाऱ्यासारखा आहे. हा युक्तिवाद फेकून देण्यासारखा नाही.

पण त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे : बहुतेक कुटुंब पॉलिसींत मूल तीन महिन्यांचे झाले की त्याचे नाव घालता येते. त्या दिवशी पाळण्यातल्या बाळाला पुढे एडीएचडी होणार, की दमा, की काहीच नाही, हे ना बापाला ठाऊक असते ना कंपनीला. ती शंभर टक्के अनिश्चितता आहे, आणि विमा तिच्यासाठीच असतो. त्या मुलाचा हप्ता सहा वर्षे घेतल्यावर निदान झाले, तर ‘हे तर अपेक्षितच होते’ असे कंपनीने म्हणू नये. दुसरे असे : चोवीस तासांची अट ही काही दगडावरची रेघ नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सकाळी करून संध्याकाळी घरी पाठवू लागले, डायलिसिस आणि केमोथेरपी काही तासांत होऊ लागली, तेव्हा त्यांच्यासाठी ती अट शिथिल केलीच. वैद्यक बदलले म्हणून विमा बदलला. मग मेंदूच्या बाबतीतच ती खाट का अडते?

आणि हे होऊ शकते याचा पुरावा शोधायला मला लांब जावे लागले नाही. २०१५ साली बँक कर्मचाऱ्यांचा दहावा द्विपक्षीय करार झाला, त्यात आम्हां बँकवाल्यांसाठी सामूहिक आरोग्यविमा आला. त्यात काही आजारांची यादी आहे, ज्यांचे उपचार घरी राहून घेतले तरी ते रुग्णालयातलेच मानून खर्च द्यायचा. कर्करोग, क्षय, मूत्रपिंडाचे विकार, मधुमेह. आणि त्याच यादीत मनोविकार, मानसोपचाराच्या बैठकांसह. मी अधिकारी असताना तो कागद माझ्या टेबलावरून गेला आहे. तेव्हा त्या ओळीचे महत्त्व मला कळले नव्हते. कळले ते निवृत्तीनंतर, आणि तेव्हा त्याचा उपयोग नव्हता. कारण त्या योजनेतल्या कुटुंबात नातू बसत नाही. पण मुद्दा माझ्या नातवाचा नाही. मुद्दा असा, की असे कलम याच देशात, याच विमाबाजारात, आजच्याच आकडेमोडीत लिहिता येते. बळकट संघटना मागे असेल तर ते लिहिले जाते. एकट्यादुकट्या आईबापांची संघटना नसते, म्हणून त्यांच्यासाठी लिहिले जात नाही.

सरकारी बाजूलाही दारे आहेत, पण ती अर्धी उघडी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारचे अपंगत्व आहे. स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही लाखभराची विमायोजना बाह्यरुग्ण खर्च देते, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यापुरती. पाच लाखांच्या सरकारी योजनांचा भरही रुग्णालयातल्या उपचारांवरच. राहता राहिला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. तो २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी करून जे दोष हुडकायचे त्यांच्या यादीत एडीएचडी नावाने आहे, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची कल्पना आहे, तीही विनामूल्य. फार थोड्या पालकांना हे माहीत असते. पगारदार मध्यमवर्गाला तर सरकारी इस्पितळाची पायरी चढणे कमीपणाचे वाटते. मलाही वाटत होते.

गोळीविषयी एक शब्द. मिथाइलफेनिडेट हे औषध शेड्यूल एक्समध्ये मोडते. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि ते विकायचा वेगळा परवाना लागतो. दुरुपयोग होऊ नये म्हणून हे योग्यच आहे. पण परवाना असलेली दुकाने मोजकी. सुट्टीत नातू आमच्याकडे साताऱ्याला आला आणि गोळ्या संपल्या, तेव्हा मी तीन दुकाने पालथी घातली आणि शेवटी मुलगा पुण्याहून एसटीने डबी घेऊन आला. हा प्रवासखर्च कोणत्याच वहीत येत नाही.

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांना, माझी चूक करून झालेल्या माणसाच्या अधिकाराने, चार गोष्टी सांगतो. अर्जावर खरे लिहा. २०२४ च्या नियमांनुसार आधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तीन वर्षे सरतात, खोटे उत्तर सरत नाही. सलग पाच वर्षे पॉलिसी चालली, की लबाडी सिद्ध केल्याखेरीज माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही हे खरे. पण त्या भरवशावर लेकराला ठेवू नका. नोकरी सुटत असेल तर सुटण्यापूर्वी त्याच विमा कंपनीकडे सामूहिक पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा. आधीची वर्षे जमेस धरली जातात. आम्ही हे केले असते तर वरची सारी कहाणी घडलीच नसती. पॉलिसी हाती आल्यावर बाह्यरुग्ण खर्चाचा रकाना आहे का, असल्यास मर्यादा किती, त्यात मानसोपचार धरले आहेत का, हे पाहा. पसंत नसेल तर तीस दिवसांत परत करता येते. आणि दावा नाकारला तर कारण लेखी मागा. कंपनीकडे तक्रार करा, महिनाभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, पन्नास लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात, फी नाही, वकील लागत नाही.

पण हे सगळे सल्ले चोवीस तासांच्या अटीपाशी येऊन थांबतात. ती अट आईबाप हलवू शकत नाहीत. इर्डाई हलवू शकते. २९ मे २०२४ च्या परिपत्रकात सर्व वयांसाठी, सर्व आजारांसाठी, बाह्यरुग्ण उपचारांसाठीही पॉलिसी बाजारात असाव्यात अशी इच्छा प्राधिकरणाने व्यक्त केली आहे. इच्छेने भागत नाही. बँकवाल्यांच्या करारात जी ओळ आहे ती प्रत्येक कुटुंब पॉलिसीत सक्तीची करावी : बाल्यापासून विमा असलेल्या मुलाला मानसिक वा वर्तनविषयक विकाराचे निदान झाले, तर घरी राहून घेतलेल्या उपचारांचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत द्यावा. मर्यादा वर्षाला पंचवीस-तीस हजारांची असली तरी चालेल. सूनबाईच्या वहीत त्याने एक चतुर्थांश फरक पडेल, आणि त्या एक चतुर्थांशात आठवड्याची दुसरी बैठक वाचते. गेल्या वर्षी ती बैठक त्यांनी पैशासाठी बंद केली. नातवाला ते सांगितलेले नाही. त्याला वाटते, आपण सुधारलो म्हणून एकच बैठक उरली.

हप्त्यावरचा वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याला माफ झाला. त्यातून यंदा वाचलेले रुपये सूनबाईने वहीत वेगळे लिहिले आहेत, ‘बैठकांसाठी’ म्हणून. ते पाच बैठकांपुरते पुरतील. पुढच्या बैठकांसाठी मी माझ्या निवृत्तिवेतनातून महिन्याला काही रक्कम काढायचे ठरवले आहे. मला ते जमते. ज्या घरात पेन्शनीत आजोबा नाहीत, त्या घरातल्या मुलाने काय करायचे, याचे उत्तर विम्याच्या कागदात असायला हवे होते. मी मागची पानेसुद्धा वाचली. तेथे ते नाही.